तुलना सोडा, लक्ष सोडू नका : बाळाच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास

संध्याकाळची वेळ आहे. बंगळूरमधल्या तुमच्या सोसायटीच्या बागेत चार-पाच आया आपापल्या बाळांना घेऊन बसल्या आहेत. गप्पा सुरू होतात. "आमची आता धरून उभी राहते." "आमचा तर नवव्या महिन्यातच चालायला लागला." तुमच्या मांडीवरचे आठ महिन्यांचे बाळ शांतपणे गवताचे पाते बघत बसले आहे. ते अजून रांगतही नाही.

घरी येईपर्यंत मन जड झालेले असते. बाळ झोपल्यावर तुम्ही मोबाइलवर शोधू लागता आणि एकातून दुसरी भीती निघत जाते. सकाळी सांगलीहून आईचा फोन येतो. ती म्हणते, "अगं, होईल हळूहळू. तूसुद्धा उशिराच रांगलीस." मन हलके होते आणि विषय तिथेच संपतो.

या दोन्ही प्रतिक्रिया नीट तपासून पाहा. रात्रीच्या धास्तीत तुमचे लक्ष शेजारच्या बाळाकडे होते. सकाळच्या दिलाशात ते तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीकडे होते. मांडीवर जे बाळ होते, त्याच्याकडे दोन्ही वेळा कोणी पाहिलेच नाही.

साधनेत आपण एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकतो : जे आहे ते जसे आहे तसे पाहणे. बाळाचे पहिले वर्ष हा या शिकवणीचा घरच्या घरी चालणारा वर्ग आहे. तुम्ही आई असा, बाबा असा किंवा नातवंडासाठी गावाहून आलेले आजी-आजोबा असा, हा अभ्यास सगळ्यांसाठी आहे.

टप्पा म्हणजे तारीख नव्हे

मान धरणे, हसणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, पहिला शब्द. यांना आपण वाढीचे किंवा विकासाचे टप्पे म्हणतो. टप्पा एखाद्या ठरलेल्या दिवशी येत नाही. त्याला एक कालावधी असतो. तो कालावधी किती मोठा असू शकतो, याची पुष्कळांना कल्पना नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ५ देशांतील निरोगी बाळांचे निरीक्षण करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतातील बाळे दिल्लीची होती. आधाराशिवाय बसण्याचा कालावधी ३.८ ते ९.२ महिने असा निघाला. हातागुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ महिने. एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे बागेतले नवव्या महिन्यात चालणारे बाळ आणि सोळाव्या महिन्यात चालणारे बाळ, दोघेही या एकाच खिडकीत बसतात. आणखी एक गोष्ट : दर १०० पैकी सुमारे ४ बाळे हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कोणी बसल्या बसल्या सरकले, कोणी थेट उभे राहिले.

आपल्या देशातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. बडोद्यातील मानसशास्त्रज्ञ प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या निरीक्षणातून विकास मोजण्याची पद्धत बसवली. 'डासी' नावाने ती ओळखली जाते. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात शारीरिक हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ मुद्दे आहेत. बाळाची वाढ म्हणजे केवळ बसणे-चालणे नव्हे, हे या आकड्यांवरूनच लक्षात येते. ते पाहते कसे, ऐकते कसे, लपवलेली वस्तू शोधते का, हे सारे त्यात येते. आपण मात्र घरी बहुधा चालण्याचीच चौकशी करतो.

बाळ वेळेआधी जन्मलेले असेल तर हिशेब वेगळा. समजा, ते ८ आठवडे आधी आले. मग ६ महिन्यांचे झाल्यावर त्याच्याकडून ४ महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची. साधारण दोन वर्षांपर्यंत डॉक्टर असाच हिशेब धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

आपले संस्कार हेच सांगतात

आपल्या परंपरेने पहिल्या वर्षात संस्कारांची एक मालिकाच गुंफली आहे. बाराव्या दिवशी बारसे. चौथ्या महिन्यात निष्क्रमण, म्हणजे बाळाला घराबाहेर नेऊन सूर्यदर्शन घडवणे. सहाव्या महिन्यात अन्नप्राशन, आपले उष्टावण. पुढे जावळ.

हा क्रम बाळाच्या वाढीशी ताडून पाहा. चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळ मान सावरू लागते आणि दूरचे पाहू लागते. तेव्हा त्याला बाहेरचे जग दाखवायचे. सहाव्या महिन्याच्या सुमारास ते आधाराने बसते, ताटाकडे हात नेते, जिभेने घास बाहेर ढकलणे कमी होते. तेव्हा अन्न. आजचे बालरोगतज्ज्ञही ६ महिने पूर्ण झाल्यावरच वरचे अन्न सुरू करायला सांगतात.

म्हणजे संस्कार हे घराने थांबून बाळाकडे पाहण्याचे निमित्त होते. बाळ कोणत्या गोष्टीसाठी तयार झाले आहे, हे सगळे मिळून पाहत. आज हॉल ठरतो, छायाचित्रकार ठरतो, आणि पाहायचेच राहून जाते. पुढच्या संस्काराच्या दिवशी पाच मिनिटे सगळ्यांनी बाळाभोवती शांत बसा. त्या विधीचे मर्म त्यातही आहे.

जन्म ते तिसरा महिना : चेहरा आणि आवाज

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचे बऱ्यापैकी दिसते. दूध पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. आईचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ओळखते.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात एक मोठी घटना घडते. बाळ तुमच्याकडे पाहून हसते. झोपेतले हसणे वेगळे. हे हसू तुमच्या चेहऱ्याला दिलेले उत्तर असते. याच सुमारास ते पोटावर असताना क्षणभर मान उचलते, हलणाऱ्या वस्तूमागे नजर फिरवते, हुंकार देते.

तुम्ही काय कराल? बाळ जागे असताना त्याला दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा आणि समोर स्वतः पालथे पडा. सगळे मिळून दिवसाला अर्धा तास झाला तरी पुष्कळ. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच झोपवा. दुपट्यात करकचून बांधून ठेवू नका. मालिश करताना त्याच्याशी बोला. गरम तेल, नाकाकानात तेल आणि डोळ्यांत काजळ या गोष्टी सोडून द्या. मध चाटवण्याची रीत घरात असेल तर ती एक वर्ष पुढे ढकला. मधातून एका जिवाणूचे बीज बाळाच्या पोटात जाऊन गंभीर आजार होऊ शकतो. रीत प्रेमाची आहे, पण प्रेम मधाच्या बोटाऐवजी स्पर्शानेही पोहोचते.

चौथा ते सहावा महिना : मी हाक देतो, तू उत्तर दे

आता बाळ मान घट्ट धरते, खळखळून हसते, हात तोंडात घालते, खुळखुळ्याकडे झेपावते. कुशीवर वळते, पालथे पडते. सहाव्या महिन्यापर्यंत हात टेकून बसू लागते. आवाज आला की तिकडे वळते.

या वयात बाळाचा सगळ्यात मोठा खेळ म्हणजे संवाद. ते 'अंगू' म्हणते आणि थांबते. ते थांबणे महत्त्वाचे आहे. ते तुमच्या उत्तराची वाट पाहत असते. तुम्ही 'हो का रे?' म्हटले की ते पुन्हा बोलते. मेंदूतील भाषेचे आणि नात्याचे धागे या देवघेवीतून विणले जातात.

१९७० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसून खेळत असे आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवत असे. बाळ आधी हसून, आवाज काढून, हात पुढे करून तिला परत बोलावण्याचा प्रयत्न करी. तरीही चेहरा हलला नाही की ते अस्वस्थ होऊन तोंड फिरवी, रडू लागे. मोबाइलमध्ये बुडालेला आपला चेहरा बाळाला खालून कसा दिसत असेल, याचा विचार या निमित्ताने करायला हवा.

इथे एक छोटी साधना. कामावरून घरी आलात की बाळाला लगेच उचलू नका. हातपाय धुवा, दोन मिनिटे बसा, पाच-सहा दीर्घ श्वास घ्या. बंगळूरच्या रस्त्यावरचा दीड तासाचा ताण आणि ऑफिसची अर्धवट मीटिंग दाराबाहेर राहू द्या. मग त्याच्याकडे जा. बाळाला तुमचे शब्द कळत नसले तरी हातांची घाई आणि श्वासाचा वेग कळतो.

सातवा ते नववा महिना : नजरेआड गेलेलेही असते

बाळ आता आधाराशिवाय बसते. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेते. स्वतःचे नाव ऐकले की वळते. 'बाबाबा', 'दादादा', 'मामामा' अशी अक्षरांची माळ सुरू होते. काही बाळे सरकतात, काही रांगतात.

याच काळात ते खाली पडलेला चमचा वाकून शोधते. आधी नजरेआड झालेली वस्तू त्याच्यासाठी संपलेली असे. आता त्याला कळू लागते की ती कुठेतरी आहे. म्हणूनच पदराआड तोंड लपवून 'भोऽऽक' केले की ते खिदळते. म्हणूनच तुम्ही खोलीबाहेर गेलात की रडते आणि अनोळखी माणसाकडे जात नाही. पाहुण्यांपुढे याची लाज वाटून घेऊ नका. 'लाडावलाय' असे म्हणू नका. आपले कोण आणि परके कोण हे त्याला समजले, ही प्रगती आहे.

खेळण्यांविषयी चरकसंहितेच्या शारीरस्थानात जे सांगितले आहे ते आजच्या कोणत्याही पुस्तकात शोभावे. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी, मनाला आवडणारी आणि हलकी असावीत. ती टोकदार नसावीत, तोंडात जातील इतकी लहान नसावीत, जिवाला धोका करणारी किंवा घाबरवणारी नसावीत. तिथेच आणखी एक सूचना आहे : बाळ रडते किंवा खात नाही म्हणून त्याला राक्षस-पिशाचांची भीती घालू नये. 'बागुलबुवा येईल' म्हणण्याची आपली सवय इतकी जुनी आहे आणि तिला नकारही तितकाच जुना आहे.

बंगळूरपासून म्हैसूरच्या वाटेवर सुमारे ६० किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. तिथली लाखेच्या रंगातली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी तशीच. गुळगुळीत, गोलाकार आणि तोंडात मावणार नाही असे एक खेळणे या वयाला पुरते. स्टीलची वाटी आणि मोठा चमचा तर घरातच असतो.

वॉकर घेऊ नका. त्याने चालणे लवकर येत नाही. उलट बाळ जिन्यापर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत क्षणात पोहोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. जमिनीवर सतरंजी अंथरा, तेवढे पुरे.

दहावा ते बारावा महिना : चिमूट आणि बोट

बाळ धरून उभे राहते, सोफ्याच्या कडेने चालते. टाळ्या वाजवते, टाटा करते, 'नको' म्हटल्यावर क्षणभर थांबते. चुरमुऱ्याचा एक दाणा अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीत उचलते. आईला किंवा बाबांना ठरावीक नावाने हाक मारते.

पहिल्या वाढदिवसाच्या आसपास ते बोट दाखवू लागते. आधी आकाशाकडे, मग वळून तुमच्याकडे. 'मला दिसले, तुलाही दिसले ना?' असे ते विचारत असते. आनंद वाटून घेण्याची ही पहिली खूण.

हीच चिमूट धोकाही आणते. संक्रांतीला आपण बोरन्हाण करतो. कर्नाटकातही संक्रांतीला लहान मुलांवर बोरे ओततात. बोरे, हरभरे, उसाचे करवे आणि शेंगदाणे दहा महिन्यांचे बाळ झटकन तोंडात घालते आणि ते श्वासनलिकेत अडकू शकते. त्याच्यासाठी फुलांच्या पाकळ्या आणि थोडे चुरमुरे वापरा. एका माणसाने फक्त बाळाच्या हातांकडे लक्ष ठेवावे आणि कार्यक्रम होताच जमीन झाडून घ्यावी.

घरात मराठी, दारात कन्नड

बंगळूरमधल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास येतो. घरात मराठी, सांभाळणाऱ्या मावशी कन्नड बोलतात, पाळणाघरात इंग्रजी आणि शेजारी तमिळ. "इतक्या भाषांनी बाळ गोंधळेल का? फक्त इंग्रजीच बोलू का?"

नाही. एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्याने बोलण्यात दोष निर्माण होत नाही. बाळाचा कान यासाठी तयारच असतो. १९८४ मध्ये जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले की इंग्रजी घरातील ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक ऐकू येतो. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना तो सहसा जाणवत नाही. वर्षाच्या अखेरीस, जी भाषा कानावर पडत नाही तिच्यातले बारकावे ओळखण्याची त्या बाळांची क्षमता ओसरू लागते.

म्हणून या वर्षात तुमची मराठी बाळाला भरपूर द्या. तुम्हाला जिच्यात लाडाने बोलता येते, रागावता येते आणि अंगाई म्हणता येते तीच तुमची भाषा. मावशींना त्यांच्या कन्नडमध्ये गाऊ द्या. मराठीतला 'ळ' कन्नडमध्येही आहे. बाळ दोन्ही घरांतून तो उचलेल.

भाषा माणसाकडून येते, पडद्यावरून नव्हे. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. गावच्या आजी-आजोबांशी थोडा वेळ व्हिडिओ कॉल हा अपवाद समजा, कारण तिथे पलीकडून उत्तर मिळते. भरवताना लावलेली गाणी मात्र बंद करा.

कधी थांबू नये

खिडकी मोठी असते, पण तिला चौकट असते. पुढीलपैकी काही दिसले तर 'होईल हळूहळू' म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

- ३ महिने झाले तरी चेहऱ्याकडे पाहून हसत नाही किंवा नजर मिळवत नाही
- ४ महिने झाले तरी मान धरत नाही, मुठी सतत घट्ट मिटलेल्या असतात किंवा डोळे तिरळे वाटतात
- ६ महिने झाले तरी आवाजाकडे वळत नाही, वस्तूकडे हात नेत नाही
- ९ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, नावाला प्रतिसाद देत नाही, 'बाबाबा'सारखे आवाज काढत नाही
- १२ महिने झाले तरी धरून उभे राहत नाही, टाटा किंवा बोट दाखवण्यासारखी एकही खूण करत नाही
- अंग फार ताठ किंवा फार ढिले वाटते, किंवा एका बाजूचाच हातपाय वापरते
- डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते
- येत असलेली एखादी गोष्ट, हसणे किंवा आवाज काढणे, कोणत्याही वयात बंद होते

यांतले एखादे लक्षण म्हणजे आजारच, असे नाही. तपासणी म्हणजे निकाल नव्हे. पण वेळ महत्त्वाची असते, हे समजण्यासाठी ऐकण्याचे उदाहरण घेऊ.

घरी आपण ताट वाजवून पाहतो. बाळ दचकते आणि आपण म्हणतो, ऐकू येते. पण ते कंपनाने किंवा हाताच्या हालचालीनेही दचकू शकते. दुसरी समजूत अशी की आवाज काढतो, म्हणजे ऐकतोच. ज्यांना ऐकू येत नाही ती बाळेही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देतात, हसतात. फरक बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यानंतर कळतो, जेव्हा 'बाबाबा'ची माळ सुरू होत नाही. तोवर ऐकण्याचे मोलाचे महिने निघून गेलेले असतात. म्हणून तज्ज्ञांचा नियम आहे : पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, शंका असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. चाचणी काही मिनिटांची असते आणि दुखत नाही. जन्मानंतर ती झाली नसेल तर या आठवड्यात विचारा. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था याच कामासाठी देशभर ओळखली जाते.

लसीकरणाच्या भेटींचा उपयोग करून घ्या. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग नवव्या महिन्यात बाळ डॉक्टरांसमोर असतेच. सुई टोचून निघून येऊ नका. "याची वाढ तपासाल का?" एवढे विचारा. माता व बाल संरक्षण कार्डात टप्प्यांची चित्रे असतात. कर्नाटकात 'तायी कार्ड' मिळते. ते फक्त लसीच्या तारखांसाठी उघडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्याखाली मुलांची तपासणी होते आणि पुढील मदतीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. अंगणवाडी ताई किंवा आशा ताई रस्ता दाखवू शकतात.

साधकांच्या घरात एक वाक्य ऐकू येते : "सगळे त्याच्यावर सोडले आहे." सोडणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. समर्पण फळाचे असते, कर्तव्याचे नव्हे. बाळाला तपासायला नेणे हे तुमचे कर्म. निष्कर्ष जो येईल तो स्वीकारण्याचे बळ साधनेतून मिळते. श्रद्धा असलेल्या माणसाला तपासणीची भीती कमी वाटायला हवी.

आणि समजा, निदान झालेच. तर बाळ कालचे होते तेच आज आहे. बदलले ते इतकेच की त्याला काय हवे आहे हे आता तुम्हाला कळले. कोणाच्या पूर्वजन्माचा, आईच्या ग्रहणातल्या चुकीचा किंवा घरातल्या दोषाचा शोध घेत बसू नका. सत्संगात अशा घरातले कोणी आले तर सल्ले देऊ नका. त्यांच्या बाळाला मांडीवर घ्या.

आईकडे कोण पाहते?

बाळाच्या टप्प्यांची चौकशी दहा जण करतात. आईची झोप किती झाली, हे क्वचित कोणी विचारते. माहेरची माणसे दूर, बाळंतपणाला आलेली आई दोन-तीन महिन्यांनी परत गेलेली, नवरा कामावर. अशा फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी असलेली आई हसायची थांबली, तर बाळाच्या हसण्याला उत्तर कोण देणार?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, विनाकारण रडू येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा स्वतःला संपवावेसे वाटणे हा आजार असू शकतो आणि तो बरा होतो. 'प्राणायाम कर, ठीक होईल' एवढ्यावर थांबू नका. श्वासाचा आधार जरूर घ्या, पण डॉक्टरांची मदतही घ्या. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. हा क्रमांक बाबांनी आणि आजींनी जपून ठेवावा.

या आठवड्याचा अभ्यास

सात दिवस, रोज दहा मिनिटे. बाळ जागे आणि पोट भरलेले असताना त्याच्याशेजारी जमिनीवर बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. तीन दीर्घ श्वास घ्या. मग फक्त पाहा. शिकवू नका, खेळणे पुढे करू नका, छायाचित्र काढू नका. ते तुमच्याकडे वळले तर उत्तर द्या. ते आपल्यात रमले असेल तर रमू द्या.

रात्री वहीत दोन ओळी लिहा. आज त्याने काय केले आणि मला काय वाटले. 'आज ओढणी ओढली. मला पाळणाघराची काळजी वाटत होती.' एवढे पुरे. आठवड्याने वाचून पाहा. या वहीत शेजारचे बाळ कुठेच नसेल. डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच तर हीच वही त्यांच्या सर्वांत उपयोगी पडेल.

शेवटी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. या महिन्यात मी बाळाची तुलना कितीदा केली आणि त्या वेळी माझ्या मनात नेमकी कसली भीती होती?
२. एखादी शंका मी 'होईल हळूहळू' म्हणून बाजूला ठेवली आहे का? ती कोणाला आणि कधी विचारणार?
३. बाळाच्या आईला आज कोणी विश्रांती दिली का?

उद्या संध्याकाळी पुन्हा बागेत जा. गप्पा त्याच असतील. कोणी विचारले, "काय गं, रांगायला लागला का?" तर सांगा, "अजून नाही. पण आज अर्धा तास गवताचे पाते पाहत होता. मग वळून मला दाखवलेसुद्धा." आणि त्याच्याबरोबर तुम्हीही ते पाते पाहा.